घर बंद

टाळ्या वाजल्या तेव्हा एस्पेदिता डावा पाय कोमट पाण्याच्या घमेल्यात सोडून बसली होती. तीन टाळ्या, थोडी उसंत, पुन्हा तीन. फोर्तालेझातल्या या पाच मजली सरकारी इमारतीत टाळ्या वाजवून कुणी कुणाला हाक मारत नाही. दाराला बेल आहे; ती बिघडली असेल तर लोक दार बडवतात, नाहीतर खालून फोन करतात. टाळ्या वाजवायच्या त्या आतल्या मुलखात, रानात, जिथे घराला फाटक असतं, फाटकाला कडी नसते आणि ओसरीवर एखादं हडकुळं कुत्रं मान वर करून बघत असतं. त्यामुळे क्षणभर तिला वाटलं, या टाळ्या आपल्याच डोक्यात वाजल्या. सत्तरीला टेकलेल्या डोक्यात काय काय वाजतं. पण मग दारापलीकडून बाईमाणसाचा आवाज आला, दमलेला, पाच जिने चढून आलेला. आरोग्य केंद्रातून आलेय म्हणाली, आणि घरात कोण आहे म्हणून विचारलं. एस्पेदिताने काय करावं? तिने हात लांब करून रेडिओ बंद केला.

बंद केल्याबरोबर तिला कळलं की याहून मोठा मूर्खपणा दुसरा नाही. चालू असलेला रेडिओ घर रिकामं असतानाही चालू राहू शकतो. रेडिओ आपणहून बंद होत नाही. ही गोष्ट साऱ्या सेआरा प्रांतात तिच्याइतकी कुणाला ठाऊक असणार? बावीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या फाटकापाशी उभं राहून कान देऊन ऐकलं होतं. आत थांबलेला मुसळाचा आवाज, एकदम गप्प झालेलं पोर, कुणीतरी मुद्दाम हळू ठेवलेली पातेली. गप्प घर आणि रिकामं घर यांतला फरक तिला झोपेतही सांगता आला असता. आणि आज तीच ओल्या पायाने, लादीवर एकेक ठसा उमटवत, भिंतीला धरून दाराशी गेली आणि दाराच्या भोकाला डोळा लावून श्वास रोखून उभी राहिली.

बाहेर पंचेचाळिशीची एक थोराड बाई होती. अंगात निळं जाकीट, पाठीवर पिशवी, कपाळावर घाम, पायातली एक वहाण काढून टाचेवरची चिकटपट्टी नीट करत होती. तिने पुन्हा टाळ्या वाजवल्या नाहीत. दाराकडे नुसती बघत राहिली. एस्पेदिताला वाटलं, ती दारातून आरपार बघतेय, घमेलं बघतेय, घमेल्यातलं गढूळ पाणी बघतेय. मग बाई खाली वाकली, दाराखालून एक चिठ्ठी आत सरकली आणि वहाणांचा आवाज जिन्याने उतरत गेला. चिठ्ठीवर लिहिलं होतं : ‘येऊन गेले. गुरुवारी पुन्हा येईन. रोझांजेला.’ चिठ्ठी उचलायला वाकताना पाय ठणकला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही काळपट जांभळी झालेली, मधल्या बेचक्यात जखम. जखम दुखत नव्हती, हेच वाईट होतं. दुखत होतं ते वर, घोट्याशी. कोमट पाण्यात पाय बुडवायचा नसतो हेही तिला ठाऊक होतं. साखरेच्या आजाराच्या किती माणसांना तिने स्वतः सांगितलं होतं, रोज पायाची बोटं बघा, वाकता येत नसेल तर आरसा धरून बघा, आणि काही दिसलं तर लपवू नका. लपवू नका म्हणताना ती कशी आवाज चढवायची.

ती खुर्चीत येऊन बसली. रेडिओ पुन्हा लावावासा वाटला नाही. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती, भिंतीवर वाळत घातलेल्या चादरी, आणि त्यांच्यावर दहाचं ऊन. आता ती रोझांजेला खाली जाऊन काय लिहील हे तिला माहीत होतं. हल्ली हातातल्या यंत्रावर लिहितात म्हणे, पण शब्द तेच असणार. तिच्या वेळी वही होती. वहीत घराच्या क्रमांकासमोर तारीख टाकायची, आणि कुणी भेटलं नाही तर दोन शब्द : घर बंद.

वही मिळाली सत्त्याऐंशी साली. त्या दुष्काळात सरकारने आतल्या गावांतून बायका निवडल्या. लिहितावाचता येणारी, स्वतःच्या वस्तीत राहणारी, दुसऱ्याच्या घरात आदराने जाता येईल अशी बाई हवी, असं तालुक्याहून आलेल्या परिचारिकेने सेरोती वस्तीच्या प्रार्थनाघरात सांगितलं. सेरोतीत लिहितावाचता येणाऱ्या तिघी होत्या. एकीचा नवरा नाही म्हणाला, एक शहरात निघून गेली, उरली एस्पेदिता. तिचा नवरा वाल्दोमिरो म्हणाला होता, लोकांच्या पोरांची ढुंगणं तपासायला जाणार का तू? पण दुसऱ्या दिवशी त्यानेच तिच्या वहाणांना टायरचे नवे तळ लावून दिले. एक निळी पिशवी, एक वजनाचा स्प्रिंगचा काटा, कापडाचं लंगोटासारखं आसन, थर्मामीटर, आणि दोन टोकांचा एक प्लास्टिकचा चमचा : मोठ्या टोकाने साखर, लहान टोकाने मीठ, पेलाभर पाण्यात. एवढ्या सामानावर बासष्ट घरं. त्या बासष्ट घरांतून त्याच्या आदल्या वर्षी अकरा तान्ही पोरं गेली होती. सगळी एकाच तऱ्हेने. आधी जुलाब, मग डोळे खोल, मग टाळू दबलेली, मग निळा रंग दिलेली वीतभर पेटी. पेटी पोरंच उचलायची, आणि बायका रडायच्या नाहीत. रडलं तर देवदूत झालेल्या पोराचे पंख भिजतात आणि त्याला वर जाता येत नाही, असं सांगितलेलं. एस्पेदिता स्वतः लहानपणी अशा तीन पेट्यांचा कोपरा धरून चालली होती. त्यातली एक तिच्या भावाची.

ते चालणं. आता या खोलीतून न्हाणीघरापर्यंत जायला भिंत लागते तिला, आणि तेव्हा पहाटे मक्याचा वाफवलेला कुस्कुस पोटात टाकून निघाली की उन्हं डोक्यावर येईस्तोवर दोन कोस झालेले असायचे. पानं गळून सगळं रान राखेच्या रंगाचं. हिरवा फक्त जुआझेरोचा वृक्ष. दुष्काळात त्याला कोण पाणी देतं कुणास ठाऊक. त्याच्याच फांदीला ती काटा अडकवायची, आणि आजूबाजूच्या चारपाच घरांतल्या आया पोरं घेऊन यायच्या. पोराला आसनात बसवलं की ते आधी चकित व्हायचं, मग लाथा झाडायचं, आणि काट्याची सुई नाचायची. सगळ्या बायका सुईकडे बघत. महिन्यात पाव किलो वाढ झाली तर ज्याच्या त्याच्या आईच्या तोंडावर असं काही यायचं की जणू तिनेच पाऊस पाडलाय. वजन घटलेल्या पोराची आई मात्र लगेच त्याचे कपडे चढवायला लागायची, घाईघाईने, दुसरीकडे बघत. एस्पेदिताने मोठ्याने आकडा सांगणं मग सोडूनच दिलं; आईच्या कानात सांगायची.

प्रत्येक घरी कॉफी. पातळ, रापादुराचा, म्हणजे तिकडच्या गुळाचा, खडा टाकलेली, दात किणकिणावेत इतकी गोड. नाही म्हटलं तर अपमान. दिवसाला नऊ-दहा कप व्हायचे, आणि हा साखरेचा आजार त्यातूनच आला असं एस्पेदिता गमतीने म्हणायची. पण कॉफीशिवाय कुणी काही सांगत नसे. पहिला घोट घेईस्तोवर सगळं ठीक असायचं. पोरं ठीक, नवरा ठीक, देवाची कृपा. दुसऱ्या घोटाला कळायचं की मधल्याला परवापासून जुलाब होताहेत. परवा म्हणजे आठवडा, हा हिशेब तिने पहिल्या वर्षातच शिकून घेतला. लोक खोटं बोलत नसत, नुसते दिवस कमी करत. जखमेवरून फडकं ओढावं तसे.

आणि साबिना. सेरोतीतली मंत्र घालणारी म्हातारी, तोंडात एक दात, हातात तीन हिरव्या काड्या. पोर आजारी पडलं की आधी तिच्याकडे न्यायचे. ती पोरावरून काड्या फिरवायची, पुटपुटायची, काड्या कोमेजल्या की म्हणायची दृष्ट उतरली. तालुक्याची परिचारिका म्हणाली होती, अशा बायांपासून लोकांना तोडा. एस्पेदिता तोडायला म्हणूनच गेली, आणि साबिनाच्या ओसरीवर बसून तासभर नुसती बघत राहिली. सात आया आल्या. तिच्या स्वतःच्या ओसरीवर सात आया यायला सात महिने लागले असते. शेवटी तिने तो दोन टोकांचा चमचा साबिनापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. पाण्याची चव डोळ्यांतल्या पाण्याहून खारट होता कामा नये, हेही सांगितलं. साबिनाने चमचा उलटसुलट करून बघितला, घोटभर पाणी करून चाखलं, आणि म्हणाली,

“पाणी तुझं, प्रार्थना माझी. पोर वाचलं तर दोघींचं. गेलं तर देवाचं. चालेल?”

“चालेल,” एस्पेदिता म्हणाली. “पण काड्या कोमेजायची वाट बघायची नाही. आधी पाणी, मग काड्या.”

“आधी काड्या,” म्हातारी म्हणाली. “काड्या झाल्याशिवाय ती बाई पाण्यावर विश्वास कसा ठेवेल, पोरी?”

आणि तसंच झालं. साबिना त्या पाण्याला पवित्र पाणी म्हणायची, त्यावर क्रूसाची खूण करायची, आणि दर पाच मिनिटांनी एक चमचा असं बजावून आईला घरी धाडायची. वर सगळ्यांना सांगायची की तिनेच एस्पेदिताला शिकवलं. पुढल्या वर्षी वस्तीत अकराच्या जागी तीन पोरं गेली. तालुक्याला बैठकीत तो आकडा वाचला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. एस्पेदिता उभी राहिली, खाली बसली. तिच्या डोक्यात अकरा वजा तीन असं काही नव्हतं. तीन होते. त्या तिघांतली एक दामियाना.

इथवर आली की एस्पेदिता नेहमी उठायची, काहीतरी काम काढायची. आज पाय उठू देत नव्हता. समोरच्या चादरी कुणीतरी आत ओढून घेतल्या. नुसती भिंत राहिली.

एरोतिल्देसचं घर वस्तीच्या टोकाला, ओढ्याच्या कोरड्या पात्रापलीकडे. कुडाचं, मातीने लिंपलेलं. नवरा कामाच्या शोधात दक्षिणेला गेलेला, पदरात सात महिन्यांची मुलगी, दामियाना. एरोतिल्देस तेव्हा एकवीस वर्षांची होती. उंच, अबोल, हनुवटी वर करून चालणारी. लोक तिला गर्विष्ठ म्हणत. त्या नोव्हेंबरात एस्पेदिता तिच्या फाटकापाशी पोचली तेव्हा दुपार झालेली, सावली पायाखाली गोळा झालेली. तिने टाळ्या वाजवल्या. हाक मारली. आतून काही नाही. पुन्हा टाळ्या. आणि मग तिला ऐकू आलं : झोळीचं कडं. भिंतीतल्या खुंटीला अडकवलेलं लोखंडी कडं झोळी हलली की किर्रर्र करतं. ते एकदा किर्रर्र झालं आणि मध्येच थांबलं, कुणीतरी हाताने दोरी धरावी तसं. आत कुणीतरी आहे हे एस्पेदिताला कळलं. आणि तिने काय केलं? पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. पाणी संपलेलं होतं, पुढे दोन घरं उरली होती, घरी लेक मार्लूसिया तापाने फणफणलेली होती, आणि खरं सांगायचं तर त्या वर केलेल्या हनुवटीचा तिला रागही आला होता. नको असेल भेटायला तर राहिलं. तिने पेन्सिल काढली आणि फाटकावर वही टेकून लिहिलं, घर बंद. अक्षर चांगलं आलं होतं. ते अजून दिसतं तिला.

तिसऱ्या दिवशी निळी पेटी. एरोतिल्देस रडली नाही. उभी राहिली, हनुवटी वर करून, आणि पेटी नजरेआड झाल्यावर तिने एस्पेदिताला घरात बोलावलं आणि बसायला एक पालथा डबा दिला. घरात दुसरं काही नव्हतंच. चूल थंड होती. एस्पेदिता त्या डब्यावर बसली, आणि सांगायचं ठरवून बसली होती ते तिला सांगता आलं नाही. त्या दिवसापासून मात्र तिने वहीत ते दोन शब्द कधी लिहिले नाहीत. दार उघडलं नाही तर फाटकाबाहेर सावली शोधून बसायची, दोन-दोन तास बसायची. सगळे म्हणायचे, चिकट बाई आहे. तालुक्याच्या परिचारिकेने एका बैठकीत तिचं उदाहरण दिलं तेव्हा तिला घाम फुटला होता.

नवरा परतल्यावर एरोतिल्देसला मुलगा झाला, एलियेझेर. त्याच्या बारशाला एस्पेदिता त्याची धर्ममाता झाली आणि दोघी एकमेकींच्या कोमाद्रे झाल्या. रक्ताच्या नात्याहून ते नातं घट्ट. एलियेझेरला दोन वर्षांत चार वेळा जुलाब झाले आणि चारही वेळा एरोतिल्देसने स्वतः पाणी करून, मांडीवर घेऊन, चमचा चमचा पाजून त्याला ओढून आणलं. मग इतर बायकांना शिकवायला ती एस्पेदिताबरोबर जायला लागली. दोघी रानातून चालायच्या. एरोतिल्देस चालताना बोलायची, बसली की गप्प. अशीच एकदा चालता चालता ती सहज म्हणाली होती, तेव्हाच्या दिवसांत तुझ्या टाळ्या ऐकू आल्या की मी झोळीची दोरी हातात धरून ठेवायचे, कोमाद्रे. घरात कॉफीचा दाणा नसायचा. तुला आत घेऊन काय देणार होते मी? एस्पेदिता चालत राहिली. तेव्हा बोलायला हवं होतं. पुढे एक शेळी काट्यात अडकलेली दिसली, तिला सोडवण्यात दोघींचा वेळ गेला, आणि ते राहिलं. ते राहिलं त्याला आता तेहतीस वर्षं झाली.

मार्लूसिया संध्याकाळी कामावरून आली. ती एका शाळेच्या कचेरीत असते. वाल्दोमिरो गेल्यावर तिनेच आईला हट्टाने इथे आणलं. तिने खुर्चीपाशी पडलेली चिठ्ठी उचलली आणि आरोग्यसेविका आली होती का म्हणून विचारलं. एस्पेदिता म्हणाली, मी न्हाणीघरात होते. मोजा का घातलायस एवढ्या उकाड्यात, लेकीने विचारलं. पाय गार पडतात. मार्लूसियाने राजमा-भात गरम केला. जेवताना ती शाळेतलं काहीबाही सांगत होती. एस्पेदिता हसण्याच्या जागी हसली. तिला वाटत होतं, या पोरीला कळलं तर ही नोकरी सोडून आपल्यापाशी बसेल. मग वाटलं, हे खरं नाही. खरं असं होतं की तिला लाज वाटत होती. बासष्ट घरांना पाय दाखवा म्हणून सांगणारी बाई स्वतःचा पाय कुजवून बसली. कुणी आत आलं तर तिच्यापुढे ठेवायला हा पाय सोडून आपल्याकडे काय आहे? आणि असं मनात आल्यावर तिचा घास हातातच राहिला. एवढ्या वर्षांत एरोतिल्देसची ती थंड चूल तिने दया म्हणून आठवली होती, पश्चात्ताप म्हणून आठवली होती. ती लाज आतून कशी लागते हे तिला आज कळलं.

गुरुवारी मार्लूसिया गेल्यावर एस्पेदिताने दार सताड उघडलं, समोर खुर्ची ओढली आणि बसली. मोजा काढून टाकला. पाऊण तास बसली. जिन्यात वहाणांचा आवाज आला, मधल्या वळणावर थांबला, धाप टाकली, पुन्हा वर आला. रोझांजेलाने उघडं दार पाहिलं, बसलेली म्हातारी पाहिली आणि टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच खाली घेतले.

“सोमवारी मी घरात होते,” एस्पेदिता म्हणाली.

“माहीत आहे मला,” रोझांजेला म्हणाली. “रेडिओ बंद झाला ना. मी खाली जिन्यात बसले होते अर्धा तास. मग टाच फारच दुखायला लागली.” ती आत आली, पिशवी उतरवली, आणि काही न विचारता लादीवर मांडी घालून बसली. एस्पेदिता तिला खुर्ची घे म्हणाली. ती म्हणाली, इथून पाय नीट दिसतो, बाई. तिने पाय हातात घेतला. हात गार होते, कडक होते. बोटं फाकवून बघितली, वास घेतला, घोट्याच्या वर दाबून बघितलं. तोंडावर काही येऊ दिलं नाही. एस्पेदिता ते तोंड निरखत होती. काही न येऊ देणं किती अवघड असतं हे तिला माहीत होतं, आणि या बाईला ते छान जमत होतं.

“किती दिवस झाले?”

“आठवडाभर,” एस्पेदिताच्या तोंडून निघालं. मग ती थांबली. “नाही. कार्निव्हलच्या आधीपासून आहे. सात आठवडे.”

रोझांजेलाने मान हलवली. कॉफी आहे का घरात, विचारलं. एस्पेदिता उठायला लागली तशी तिला खांद्याला धरून बसवलं, स्वतः स्वयंपाकघरात गेली, कॉफी केली, बिनसाखरेची, दोन कप. पिता पिता तिने केंद्रावर फोन लावला, गाडी मागितली, मार्लूसियाचा नंबर घेऊन तिलाही कळवलं. एस्पेदिता मध्येच म्हणाली की जखमेला हात लावण्याआधी हात धुवायला हवे होते तू. रोझांजेला म्हणाली, खरंय, चुकलंच. मग म्हणाली, तुम्ही या कामात होता का? आणि गाडी येईस्तोवर एस्पेदिता सांगत राहिली : जुआझेरोची फांदी, काट्याची नाचणारी सुई, साबिनाच्या काड्या. रोझांजेला ऐकत होती. तिच्या वाट्याला सातशे माणसं आहेत म्हणे, आणि जिने. जिन्यांची कुणी कल्पनाच केली नव्हती, बाई, ती म्हणाली.

इस्पितळात दोन बोटं काढावी लागली. पाय राहिला. आणखी पंधरा दिवस गेले असते तर घोट्यावरून काढावा लागला असता, असं तिथल्या डॉक्टरने मार्लूसियाला सांगितलं, आणि मार्लूसियाने ते आईला सांगताना पहिल्यांदा तिच्यावर आवाज चढवला, आणि मग पलंगाच्या दांड्याला डोकं टेकून रडली. एस्पेदिता तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. रडू दिलं. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, माझी पोरगी तर येतच नाही. दुपारी वॉर्डात सगळ्या झोपल्या, पंखा डुगडुगत होता, औषधामुळे सगळं थोडं लांब गेलेलं, आणि एस्पेदिताने मार्लूसियाला फोन लावून द्यायला सांगितला. सेरोतीला.

तिकडे आता एरोतिल्देसकडे पक्कं घर आहे, सरकारने दिलेली पाण्याची पांढरी टाकी आहे, एलियेझेरचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तिला ऐकायला कमी येतं, म्हणून ती फोनवर ओरडते. पायाचं सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, दोन बोटांनी काय होतं, तू तर गाढवासारखी चालायचीस. एस्पेदिता हसली. मग म्हणाली, मला तुला एक सांगायचंय, कोमाद्रे. दामियानाचं. आणि तिने सांगितलं. टाळ्या, कडं, हाताने धरलेली दोरी, पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेणं, वही. काही कमी केलं नाही. राग आला होता तेही सांगितलं. मार्लूसिया खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिने खिडकीकडे तोंड वळवलं.

तिकडून कोंबड्यांचा आवाज येत होता. एस्पेदिताला वाटलं, ऐकू गेलं नसेल, पुन्हा सांगावं लागेल, आणि पुन्हा सांगायचं बळ तिच्यात नव्हतं.

“त्या दिवशी?” एरोतिल्देस म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. “त्या दिवशी मी घरात नव्हतेच. पोरीला घेऊन ओढ्यातल्या खड्ड्यावर पाणी भरायला गेले होते.”

“कडं वाजलं होतं, कोमाद्रे.”

“वाऱ्याने वाजलं असेल.”

नोव्हेंबरातल्या त्या दुपारी वारा नव्हता. पान हलत नव्हतं. आणि सात महिन्यांचं, अंगातलं पाणी गेलेलं पोर काखेत घेऊन भर उन्हात ओढ्यावर कोण जातं? एरोतिल्देस खोटं बोलत होती, आणि एस्पेदिताला ते कळलंय हे तिलाही कळत होतं. बावीस वर्षं एस्पेदिताने लोकांच्या बोलण्यातून खरं काय ते ओढून काढलं होतं. परवाचा आठवडा केला होता, ठीकचं बेठीक केलं होतं. तिच्या ओठावर पुढचा प्रश्न आलासुद्धा. मग तिने तो तिथेच ठेवला.

“असं होय,” ती म्हणाली. “मला वाटलं, आत कुणी आहे.”

“नव्हतं कुणी,” एरोतिल्देस म्हणाली. तिचा आवाज जरा हलला, मग पुन्हा चढला. तिने सांगितलं की यंदा पेरूला इतकी फुलं आलीत की फांद्या झुकल्यात, आणि एलियेझेर महिनाअखेरीस शहरात येणार आहे, त्याच्याबरोबर ती येईल, कुणीतरी तुझी पट्टी नीट बांधतं की नाही ते बघायला. एस्पेदिता म्हणाली, ये. जिने आहेत पाच. चढवतील का तुला? एरोतिल्देस म्हणाली, जिन्यांचं तू मला नको सांगूस. तू दाराशी खुर्ची टाकून बस.